विश्लेषण : परवान्याने मारलेल्या रानडुकराचे मांस खाता येते का? बिबट्याची नखे, आजोबांच्या काळातली कातडी घरात ठेवता येते का?

राहाता तालुक्यात उसाच्या फडाला कोयता लागला, की बिबट्या दिसल्याचे फोन सुरू होतात. दुसरीकडे रानडुकरे एका रात्रीत मक्याचे वावर लोळवतात. कधी नगर-मनमाड रस्त्यावर वाहनाच्या धडकेत एखादा प्राणी मरून पडतो. मग गर्दी जमते, मोबाइल निघतात आणि कुणीतरी हळूच विचारतो, ‘आता याचे काय करायचे?’ या प्रश्नाचे चुकीचे उत्तर थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकते. कायदा काय सांगतो, ते पाहू.

मेलेला वन्यप्राणी कोणाच्या मालकीचा?

सरकारच्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ नुसार परवान्याने मारलेला, बेकायदा मारलेला, चुकून मारला गेलेला किंवा मृतावस्थेत सापडलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस आणि कातडी, शिंगे, नखे, दात यांनाही हेच लागू होते. जमीन तुमची असली तरी तिच्यावर पडलेले रानडुक्कर तुमचे होत नाही. असे काही ताब्यात आले, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने प्राणी मारला गेला, तर कलम ११ नुसार तो गुन्हा नाही. मात्र तो प्राणीही सरकारचाच.

रानडुक्कर मारण्याचा परवाना मिळाला, तर मांसही मिळते का?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. रानडुक्कर आता कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका असेल, तर अधिकृत वनाधिकारी लेखी कारण देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. ही परवानगी पीक वाचवण्यासाठी असते, मटणासाठी नव्हे.

कायद्यातली ‘मांस’ या शब्दाची व्याख्याही मोठी आहे. रक्त, हाडे, चरबी, अंडी या सगळ्यांचा त्यात समावेश होतो, मग ते कच्चे असो वा शिजवलेले. म्हणजे चुलीवरचा रस्साही पुरावा ठरू शकतो. अपवाद एकच. केंद्र सरकारने ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी एखादा प्राणी ‘उपद्रवी’ जाहीर केला, तर तेवढ्यापुरते हे संरक्षण उठते.

केरळमध्ये २०२२ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना पिकात घुसणारी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार मिळाले. तिथेही मांस वाटले जात नाही, मृतदेह पुरला जातो. मांस मिळू लागले, तर पिकाच्या नावाखाली शिकार सुरू होईल, ही त्यामागची भीती.

आरोग्याचा मुद्दाही आहेच. रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाची सूक्ष्म कृमी असू शकते. मांस अर्धवट शिजले, तर ती माणसाच्या स्नायूंत शिरते. खाटीकखान्यात होते तशी तपासणी या मांसाची होत नाही. शिवाय मेलेला प्राणी आजारी होता की कुणी विष घातले होते, हे नुसते पाहून कळत नाही.

मग परदेशात शिकारी ट्रॉफी घरी कशी नेतात?

नामिबियासारख्या काही देशांत परवानाधारक मार्गदर्शकासोबत मोठ्या प्राण्यांची शिकार कायदेशीर आहे. प्राणी पडताच त्याची आतडी काढून धड लवकर थंड केले जाते. मांस बहुतेकदा स्थानिक वस्तीला जाते. कातडीला मीठ चोळतात, कवटी उकळून साफ करतात. ट्रॉफी देशाबाहेर नेताना संरक्षित प्राण्यांसाठी ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराखालची कागदपत्रे लागतात.

भारतातही १९७२ पूर्वी शिकार कंपन्या पाहुण्यांना जंगलात नेत असत. म्हैसूरच्या ‘व्हॅन इंगेन’ कारखान्यात वाघ-बिबट्यांची हजारो मुंडकी आणि कातडी भरली गेली. तो कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. महाराष्ट्रात आज बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन विभागाचे टॅक्सीडर्मी केंद्र आहे. तिथे नैसर्गिकरीत्या किंवा अपघातात मेलेले प्राणी अभ्यास आणि प्रदर्शनासाठी जतन केले जातात, दिवाणखान्यासाठी नव्हे.

बिबट्याचा मृतदेह जाळून का टाकतात?

बिबट्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी १८ नखे असतात. शिवाय चार सुळे, मिशा आणि कातडी. काळ्या बाजारात या सगळ्याला गिऱ्हाईक आहे. म्हणून शवविच्छेदनाच्या वेळी अवयव पूर्ण आहेत का, हे पाहून नोंद केली जाते आणि अधिकाऱ्यांच्या समक्ष मृतदेह जाळला जातो. एखादे नख कमी भरले, तर चौकशी सुरू होते.

मृतदेह हा पुरावाही असतो. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात टी-१ म्हणजे अवनी वाघीण मारली गेली. तिला आधी गुंगीचा डार्ट मारला होता का, गोळी कुठून लागली, हा वाद तिच्या मृतदेहाच्या तपासणीवरच उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याचाही मृतदेह शवविच्छेदनासाठी नेण्यात आला.

घरात जुनी कातडी, शिंगे किंवा वाघनखाचे लॉकेट असेल तर?

मालकी प्रमाणपत्र आहे का, हे आधी पाहा. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारसाहक्काने आली, तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावी लागते. ती विकता येत नाही. ठेवायची नसेल, तर कलम ४२अ नुसार सूचना देऊन वन विभागाकडे जमा करता येते. त्याचा मोबदला मिळत नाही.

प्रमाणपत्रच नसेल, तर अडचण मोठी आहे. अशा वस्तू जाहीर करण्यासाठी केंद्राने २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. ती कधीच संपली. वस्तू लपवण्यापेक्षा किंवा विकण्यापेक्षा वकिलाच्या सल्ल्याने वन विभागाशी बोलणे शहाणपणाचे. मोराच्या शेपटीच्या पिसांना सूट आहे, मोर मारायला नाही.

शिक्षा किती?

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार साधारण गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बिबट्या, काळवीट, मोर अशा अनुसूची एकमधील प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

मेलेला प्राणी दिसला तर काय करावे?

• हात लावू नका, हलवू नका. बिबट्या असेल तर तो खरेच मेला आहे, असे गृहीत धरू नका.
• वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या वन कार्यालयाला ठिकाण कळवा.
• मुले आणि कुत्री दूर ठेवा. पथक येईपर्यंत कुणाला नख, मिशी काढू देऊ नका.
• लांबून एखादा फोटो काढा, तो अधिकाऱ्यांना द्या. मृतदेहासोबतची सेल्फी किंवा ‘पार्टी’चा व्हिडिओ उद्या तुमच्याच विरोधात उभा राहू शकतो.
• पीक गेले असेल, तर पंचनामा आणि भरपाईचा अर्ज वेगळा करा. पिकाची भरपाई मांसातून वसूल होत नाही.