*मोटर लावण्याआधी तिन्ही फेज तपासा*


गहू-हरभऱ्याच्या ऐन पाळीत मोटर जळली की रिवायंडिंगचा खर्च होतोच, पाणीही लांबतं. बऱ्याचदा दोष मोटरचा नसतो, लाईटचा असतो.

*मोटर का जळते?*
व्होल्टेज कमी असलं तरी पाणी उचलायचं काम तेवढंच राहतं. मग मोटर जास्त अँपिअर ओढते आणि वायंडिंग तापतं. चालू मोटरचा एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजवर करंट साधारण पावणेदोन पट होतो.

*काय कराल?*
✅ तिन्ही फेजमध्ये ४१५ च्या आसपास व्होल्ट हवेत. ३५० च्या खाली मोटर लावू नका.
✅ स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा.
✅ ओव्हरलोड रिले वायरमनकडून मोटरच्या पाटीवरील अँपिअरप्रमाणे सेट करून घ्या. सारखा ट्रिप होतो म्हणून वाढवू नका.
❌ फ्यूजला जाड तार घालू नका.
❌ ऑटोस्विच काढा. लाईट येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं, डीपीही जळू शकते.

हे एकट्याचं काम नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून मोटरी चालवायच्या वेळा ठरवून घ्या.