पेज आणि पथ्य

मधुमेहाचे नाव निघाले की आपल्या गोव्याने मान खाली घालावी, अशी स्थिती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत २६.४ टक्के प्रमाण दाखवून गोवा देशात पहिला ठरला. त्याच पाहणीने आणखीही एक इशारा दिला होता. तो मात्र फारसा कोणी मनावर घेतला नाही. आज जेथे मधुमेह कमी आहे, अशाच राज्यांत त्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या मोठी आहे. मध्य प्रदेश हे त्यांपैकी एक होय.

त्या राज्याच्या दक्षिण सीमेवरील पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून २०२३ मध्येच त्यांचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. संत्र्यांच्या बागा, घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि डोंगराच्या अंगाला गोंडांच्या वस्त्या, असा हा मुलूख आहे. सातपुड्यातील गोंडांच्या चुलीवरही पेजच शिजत आली आहे. आपली उकड्या तांदळाची, त्यांची कोदो-कुटकीची अथवा मक्याची, एवढाच काय तो फरक! आता ही भरड धान्ये मागे पडत चालली आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्यांना जागा आहे. परंतु शिधावाटप दुकानातून पिशवीत पडतो तो मुख्यत्वे गहू आणि तांदूळ. इकडे शहरातला मधुमेही मात्र तेच कोदो चढ्या भावाने विकत घेऊ लागला आहे.

अशा वस्तीत आरोग्याचा कार्यक्रम न्यायचा तो कसा? ओट्स आणि सॅलडचा छापील तक्ता हाती देऊन खचितच नव्हे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात डॉ. केरिन ओडी यांच्या देखरेखीखाली दहा मधुमेही आदिवासी सात आठवडे आपल्या मूळ मुलखात शिकार व कंदमुळांवर राहिले. त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले, रक्तातील साखरही बरीच खाली आली. गोंडांनी पुन्हा रानात जावे, असे कोणी म्हणणार नाही. कोदो म्हणजे औषध नव्हे, हेही खरे. पॉलिश करून कोंडा घालवला, की त्याचा निम्मा गुण गेलाच. तथापि रोग्याला स्वतःच्या ताटातले पथ्य सांगितले तर ते त्याला पाळता येते.

प्रश्न केवळ ताटाचाही नाही. गोंड समाजात सिकलसेलचा दोष आढळतो, आणि तो असलेल्या रक्तात तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी फसवू शकते. मुंबई-पणजीत रूढ झालेली ही तपासणी तशीच्या तशी तेथे नेली, तर आजारी माणूस निरोगी ठरून घरी परतायचा. २०२३ च्या जुलैत शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेची नोंद आणि मधुमेहाची नोंद एकाच कार्डावर यावी, उपाशीपोटीची साखर तपासली जावी, आणि पथ्य सांगणारी बाई त्याच वस्तीतली, गोंडी जाणणारी असावी, एवढी आमची मागणी आहे. यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही.