उन्हात दुपट्टा कशासाठी?

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या कळमना बाजारात मिरचीची पोती उतरवण्याचे काम चालू होते. पारा ४४ अंश सेल्सिअसवर. पोती वाहणाऱ्या हमालांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे सैल सदरे होते आणि डोके, कान, तोंड सुती दुपट्ट्यात गुंडाळलेले होते. आमच्याबरोबर मुंबईहून आलेला एक विद्यार्थी होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा घट्ट टी-शर्ट, डोके उघडे. त्याने विचारले, "एवढ्या उन्हात ही माणसे अंगभर कपडे का घालतात? त्यांना जास्त उकडत नाही का?"

मिरचीच्या खकाण्यापासून नाकातोंडाचे रक्षण होते, हे उत्तर खरे. पण ते अर्धेच. उरलेले अर्धे शोधायचे तर शरीराच्या उष्णतेचा जमाखर्च मांडावा लागतो.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता सतत तयार होत असते. ती बाहेर गेली नाही तर शरीर तापत जाईल. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३४-३५ अंश असते. हवा २५ अंश असेल तर उष्णता त्वचेकडून हवेकडे आपोआप जाते. हवा ४४ अंश झाली की हा प्रवाह उलटा होतो. आता हवाच आपल्याला तापवू लागते आणि वारा सुटला तर आणखी वेगाने. लू लागते ती अशी. त्यात भर उन्हाची. माथ्यावरचा सूर्य दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा ओततो, शिवाय तापलेले डांबर आणि भिंती आहेतच.

मग उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. समजा, कष्टाच्या कामामुळे शरीरात ३५० वॅट उष्णता तयार होते आहे आणि ऊन व हवा मिळून आणखी २०० वॅट देत आहेत. हे ५५० वॅट बाहेर टाकायला तासाला सुमारे ८०० ग्रॅम घाम सुकावा लागेल. यात 'सुकावा' हा शब्द महत्त्वाचा. ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातले पाणी घालवतो, पण गारवा देत नाही.

आता कपड्याचे काम स्पष्ट होते. त्याने ऊन अडवावे, गरम वारा थेट त्वचेवर येऊ देऊ नये आणि तरीही घाम सुकू द्यावा. सैल, पूर्ण बाह्यांचा, पातळ सुती सदरा ही तिन्ही कामे करतो. चालताना सदरा हलतो आणि आतली दमट हवा भात्यासारखी बाहेर ढकलली जाते. घट्ट टी-शर्टात ही हालचाल नाही आणि उघड्या दंडांना ऊन व वारा दोन्ही लागतात.

मुंबईच्या मुलाचा अनुभव मात्र खोटा नव्हता. तिथे हवा त्वचेपेक्षा सहसा थंड, पण दमट असते. म्हणून तिथे अंग उघडे ठेवणे सोयीचे वाटते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवा वाळवंटासारखी कोरडी असते. वर्गात हा फरक दाखवता येतो. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळा, दोन्ही सावलीत ठेवा आणि पंख्याने वारा घाला. ४४ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक सुमारे २५ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तो २८ अंशांच्या आसपासच थांबतो. म्हणजे ओला दुपट्टा मुंबईपेक्षा कळमन्यात अधिक गार होतो! नागपूरचा कूलर आणि वाळ्याची ताटी याच तत्त्वावर चालतात. शिवाय दुपट्टा नळाच्या पाण्याने भिजवला, तर शरीरातले पाणी तेवढे वाचते.

रंगाचे काय? पांढरा रंग ऊन परतवतो, हे आपण शिकवतोच. मग वाळवंटातले बेदुईन काळे झगे का घालतात? नेगेव्ह वाळवंटात काही शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आणि १९८० साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. काळा झगा जास्त तापला, पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच निघून गेली. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात शरीराला मिळालेली उष्णता सारखीच भरली. झगा सैल असेल तर रंगाला फारसे महत्त्व उरत नाही. पण कपडा अंगाला चिकटलेला असेल, तर पांढराच बरा.

कापडाचाही विचार करू. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. तरी 'सुती ते चांगले' एवढ्यावर थांबू नये. जाड सुती जीनपेक्षा विरळ विणीचे मिश्र कापडही बरे. विद्यार्थ्यांना घरातल्या चिंध्या आणायला सांगा. प्रत्येकीवर पाण्याचा एकेक थेंब टाका. थेंब किती पसरतो आणि किती वेळात सुकतो याची नोंद करा. मग शाळेच्या गणवेशाचे कापड याच कसोटीला लावा. गणवेश टिकाऊ आणि स्वस्त हवा, ही पालकांची अडचण खरी आहे. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात घट्ट कॉलर, टाय आणि बूट-मोजे कशासाठी, हा प्रश्न शिक्षकसभेत विचारण्याजोगा आहे.

कपड्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवशी कोणताही दुपट्टा पुरेसा नसतो. पाणी, सावली आणि मधूनमधून विश्रांती लागतेच. खिशातला कांदा यातले काहीच करत नाही. कोणी असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

परतताना आमच्या विद्यार्थ्याने बाजाराबाहेर एक दुपट्टा विकत घेतला. तो कसा बांधायचा, हे मात्र त्याला एका हमालानेच शिकवले.