उष्णता निसटू नये म्हणून

1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एकात एक भांडी बसवून एक उपकरण केलं. सगळ्यात आत तारेच्या पिंजऱ्यात जळणारी वस्तू, तिच्याभोवती बर्फ आणि त्याच्याही बाहेर पुन्हा बर्फ. आतल्या बर्फाचं जेवढं पाणी होऊन खाली गळेल, त्यावरून उष्णता काढायची. मला कौतुक वाटतं ते बाहेरच्या बर्फाचं. त्याचं काम निव्वळ राखणदाराचं: खोलीची ऊब आपल्या अंगावर झेलायची, आतल्या बर्फापर्यंत पोचू द्यायची नाही. पुढच्या दोनेकशे वर्षांत उष्णतामापकात जे बदल झाले ते बहुतेक या राखणदारीतलेच.

त्या पिंजऱ्यात त्यांनी एक गिनीपिगही ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेने 13 औंस बर्फ वितळला, आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलनच या लाव्हाझिएच्या मताला बळ आलं. एक पौंड लाकडी कोळसा साडेशहाण्णव पौंड बर्फ वितळवतो, असा आकडा त्याने 1789 च्या ग्रंथात दिला. आजच्या मोजणीशी ताडला तर तो दोन टक्क्यांच्या आत बसतो! हायड्रोजनचा आकडा मात्र जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी भरतो. शिवाय वितळलेलं पाणी बर्फाच्या तुकड्यांना चिकटून राहायचं आणि थंडी सरली की काम बंद. 1794 मध्ये लाव्हाझिएला गिलोटिनवर चढवलं गेलं.

त्याच्या विधवेशी पुढे काउंट रम्फर्डने लग्न केलं. (संसार टिकला नाही. बाईंनी माझ्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं, अशी तक्रार त्याने पत्रात केली आहे.) रम्फर्डने बर्फ सोडून पाणी घेतलं आणि गळती अडवण्याऐवजी तिची फिटंफाट केली. खोलीपेक्षा जेवढ्या अंशांनी थंड पाण्याने सुरुवात, तेवढ्याच अंशांनी गरम पाण्यावर शेवट. आधी जी ऊब आत शिरते, तेवढीच नंतर बाहेर जाते.

खरा पालट झाला 1881 मध्ये. बर्थेलोने आतून प्लॅटिनम मढवलेल्या जाड पोलादी भांड्यात दाबाखाली ऑक्सिजन भरला. पदार्थ क्षणात आणि पुरता जळू लागला, म्हणजे उष्णतेला निसटायला वेळच मिळेना. याच भांड्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. प्लॅटिनमचा खर्च कोणाला झेपणार? 1892 मध्ये मालेरने आतून एनॅमलचा लेप दिलेला बॉम्ब आणला आणि तो कारखान्यांपर्यंत पोचला. 1905 च्या सुमारास हार्वर्डच्या रिचर्ड्सने आणखी एक युक्ती केली. बाहेरच्या वेष्टणातलं पाणी आतल्याबरोबरच तापवत न्यायचं. दोन्हीकडे तापमान सारखं, मग उष्णता जाईल कुठे?

आमच्या प्रयोगशाळेतला बॉम्ब याच घराण्यातला. नमुन्याची एक ग्रॅम पूड दाबून गोळी करायची, वजन दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंत, निक्रोमच्या तारेला सुती दोरा बांधून तो गोळीला टेकवायचा, ऑक्सिजन 25-30 वातावरण दाबापर्यंत भरायचा, आणि बॉम्ब दोनेक लिटर पाण्यात सोडायचा. बटण दाबल्यावर काहीच घडत नाही असं वाटतं. आवाज नाही, ज्वाळा नाही. अर्ध्या मिनिटाने तापमान चढू लागतं आणि दोन-अडीच अंशांवर थांबतं. जळालेल्या तारेची आणि दोऱ्याची उष्णतासुद्धा वजा करायची. शेवटी झाकण उघडल्यावर आत काजळी दिसली, की सकाळ फुकट. माझ्या अशा कित्येक सकाळी गेल्या आहेत. भांडं स्वतः किती उष्णता पितं हे कळण्यासाठी आधी बेंझॉइक आम्ल जाळायचं: ग्रॅमला सुमारे 6,318 कॅलरी.

एका माणसाने मात्र राखणदारीच सोडून दिली. 1982 मध्ये अमेरिकेत बाब्रॉस्कस यांनी केलेल्या शंकूच्या आकाराच्या हीटरखालच्या उष्णतामापकात नमुना उघड्यावर जळतो. धूर नळीतून जातो, उष्णता जिकडे जायची तिकडे जाते. मोजतात तो हवेतून कमी झालेला ऑक्सिजन. नेहमीच्या बहुतेक ज्वलनशील पदार्थांत एक किलो ऑक्सिजन खर्ची पडला की साधारण 13.1 मेगाज्यूल उष्णता निघते. याचं मूळ थॉर्नटनच्या 1917 च्या निरीक्षणात होतं, पण आगीच्या अभ्यासकांनी ते उचलायला साठेक वर्षं घेतली. सोफ्याचा फोम किती पेटेल हे आज असंच ठरतं.

कोळशाला मात्र अजून बॉम्बच लागतो. 2012 पासून आपल्याकडे कोळशाची प्रत एकूण उष्मांकावर ठरते, आणि भाव प्रतीवर. किलोला 4,000 ते 4,300 किलोकॅलरी म्हणजे जी-11, त्याखाली 3,700 पर्यंत जी-12. नागपूर-चंद्रपूरकडे वॅगनच्या वॅगन कोळसा वीजकेंद्रांत जातो. त्यातून नमुना काढत, दळत, गाळत आणायचं ते एका ग्रॅमवर. गोळीने 3,990 दाखवले की प्रत उतरली. आणि एकाच पुडीतल्या दोन गोळ्यांमध्ये वीस-पंचवीसचा फरक सहज पडतो.