पिकअप गाडी पुन्हां पुन्हां चालू न होणें

मुळशी तालुक्यांत भाताचीं पोतीं, भाजीच्या पाट्या आणि दुधाचे कॅन वाहण्याचें जें काम पूर्वीं बैलगाडीकडे होतें, तें आतां बहुतेक गांवांत पिकअप गाडीकडे आलें आहे. बैल आजारी पडावयाचा असला म्हणजे आदल्या दिवशींच त्याचें वैरणीवरून मन उडे व धन्यास सूचना मिळे. गाडीहि सूचना देते, परंतु ती ओळखण्याची संवय आपणांस अद्याप लागलेली नाहीं. पहाटे माल भरून तयार आहे, पौड-पिरंगुटचा रस्ता मोकळा आहे तोंच गुलटेकडीचा बाजार गांठावयाचा आहे, आणि किल्ली फिरवितांच 'टक्' असा एक आवाज होऊन गाडी मुकी होते. अशा वेळीं दोन तासांच्या उशिरानें मेथी-कोथिंबिरीचा भाव कोठून कोठें येतो, हें भाजी लावणारांस सांगावयास नको.

गाडी एकदांच बंद पडली तर ती गोष्ट वेगळी. आम्हांस येथें ज्या दोषाविषयीं लिहावयाचें आहे, तो याहून अधिक त्रासदायक आहे. गाडी ढकलून किंवा दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावून चालू होते, दिवसभर बिनतक्रार चालते, आणि आठ-दहा दिवसांनीं पुन्हां तेंच. मालक नवी बॅटरी आणतो. महिना बरा जातो. पावसाची झड लागली कीं पुन्हां तोच 'टक्'. मग स्टार्टर बदलला जातो. इतका खर्च होऊनहि दोष जागच्या जागीं राहतो, कारण तो पुष्कळ वेळां वस्तूंत नसून वस्तूंस जोडणाऱ्या वाटेंत असतो. वाट न तपासतां बॅटरी बदलणें हें आमच्या मतें पैसे टाकून देणें होय.

पूर्वींच्या मोटारीस पुढून हँडल मारावें लागे. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं विजेनें इंजिन फिरविण्याची युक्ति सिद्ध केली व ती १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत बसविण्यांत आली. तेव्हांपासून हँडल हळूहळू नाहींसें झालें. आजच्या पिकअपला तें लावण्यास भोंकहि नसतें, तेव्हां सारी भिस्त बॅटरीवर. ही बॅटरी म्हणजे शिसें व गंधकाचें तेजाब यांच्या सहा कप्प्यांची पेटी. प्रत्येक कप्पा सुमारें २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेल्या व स्वस्थ असलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास असतो.

व्होल्ट म्हणजे काय व अँपिअर म्हणजे काय, हें पाटाच्या पाण्यावरून चांगलें समजतें. टाकींतील पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट. पाटांतून दर घटकेस वाहणारें पाणी म्हणजे अँपिअर. आणि पाटांतील गाळ व गवत म्हणजे रोध, तो ओहम या मापानें मोजतात. टाकी कांठोकांठ भरलेली असून पाट तुंबला असेल, तर शेवटच्या खाचरास पाणी पोंचत नाहीं. तेथें टाकी बदलून काय उपयोग? पाणी आणि वीज यांचा संबंध मुळशीकरांस नव्यानें शिकवावा लागेल असें नाहीं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, त्याचेंच पाणी घाटाखालीं भिऱ्यास नेऊन वीज केली जाते.

आतां थोडा हिशेब पाहूं. डिझेल इंजिन फिरवितांना स्टार्टर दोनशें अँपिअर किंवा त्याहूनहि अधिक प्रवाह ओढतो. बॅटरीच्या टोंकावर गंज चढून केवळ एक शतांश ओहम इतका रोध उत्पन्न झाला, तर २०० × ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तेथेंच खर्चीं पडतात, व स्टार्टरच्या वांट्यास जेमतेम अर्धामुर्धा जोर येतो. त्याच टोंकांतून पुढच्या दोन दिव्यांस दहा अँपिअर जातात असें धरलें, तर त्यांच्या वाटेंत एक दशांश व्होल्टच कमी होतो आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं. 'दिवे लखलखीत आहेत, हॉर्न वाजतो, मग वायरिंग ठीकच असलें पाहिजे,' असें जें सर्वत्र ऐकूं येतें, तें या हिशेबानें खोटें ठरतें.

दोष शोधण्याची पहिली पायरी म्हणजे कान. किल्ली फिरवितांच 'टकटकटक' असा भरभर आवाज होत असेल, तर दाब फार खालीं जात आहे असें समजावें; बॅटरी उतरलेली असेल किंवा तिचें टोंक सैल असेल. एकच जड 'टक्' होऊन पुढें कांहींच होत नसेल, तर स्टार्टरवरील सोलेनॉइड ओढला जातो, परंतु मोठा प्रवाह पुढें पोंचत नाहीं किंवा स्टार्टरच आंतून झिजला आहे. मुळींच आवाज नसेल, तर हुकूम देणारी बारीक तार, फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच यांकडे पाहावें. कांहीं गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज स्टार्टर फिरत नाहीं. तेथें पेडलाजवळचा लहानसा स्विच चिखलानें अडला तरी गाडी मुकी होते. आणि इंजिन नेहमींच्या वेगानें फिरत असून पेटत नसेल, तर तो रोग निराळा. किल्लीचें चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल, तर गाडीनें किल्ली ओळखलेली नाहीं, इतकेंच.

यांत एक फसवी गोष्ट आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा नियम लागू झाले, आणि तेव्हांपासूनच्या डिझेल गाड्यांत इंधन किती व केव्हां सोडावयाचें याचा हिशेब एक लहान गणकयंत्र ठेवतें. स्टार्टर फिरतांना दाब फार घसरला तर हें यंत्र मधेंच झोंपतें व पुन्हां जागें होतें. मग इंजिन फिरतें पण पेटत नाहीं, आणि मेकॅनिक सेन्सरमागून सेन्सर बदलीत बसतो. म्हणून यंत्रास दोष देण्यापूर्वीं दाब मोजावा.

मोजण्याचा मल्टिमीटर थोडक्या किंमतीस मिळतो व तो प्रत्येक गाडीमालकानें बाळगावा अशी आमची आग्रहाची सूचना आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब सकाळीं किल्ली लावण्यापूर्वीं घ्यावा. १२.६ असल्यास बॅटरी भरलेली, १२.२ असल्यास सुमारें निम्मी. १२ च्या खालीं असल्यास ती जवळजवळ रिकामी समजावी. नंतर दुसऱ्या माणसास किल्ली फिरवावयास सांगून पाहावें. त्या वेळीं दाब ९.६ च्या खालीं जाऊं नये. भरलेली बॅटरीहि एकदम सात-आठवर कोसळत असेल, तर ती खरोखरच थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसावें, तेवढें न दिसल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. कांहीं नव्या गाड्यांत भरणा यंत्राच्या हुकमानें कमीजास्त होतो, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

एवढें सर्व ठीक निघालें आणि तरीहि गाडी अडत असली, तर खरी परीक्षा पुढें आहे. गाडी न्यूट्रलमध्यें, हँडब्रेक ओढलेला. मीटरची लाल सुई बॅटरीच्या धन बाजूच्या शिशाच्या खुंट्यावर, क्लॅम्पवर नव्हे, व काळी सुई स्टार्टरच्या जाड तारेच्या बोल्टावर टेकवावी. किल्ली फिरवीत असतां जो आंकडा दिसेल, तितके व्होल्ट वाटेंत हरवत आहेत. तो अर्ध्या व्होल्टाच्या आंत असावा. मग एक सुई ऋण खुंट्यावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून तीच परीक्षा करावी. येथें दोन-तीन दशांशांहून अधिक हानि होऊं नये. जेथें आंकडा फुगतो, तेथें गाळ आहे. ही परीक्षा दोन मिनिटांची असून ती क्वचितच केली जाते, याचें आम्हांस नवल वाटतें.

आपल्या भागांत हा गाळ बहुधा ऋण बाजूस सांपडतो. ताम्हिणीकडे पावसाळ्यांत पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कैक वर्षीं पडतो; पुणें शहरांत सुमारें सातशें. चार महिने चिखलाचे फवारे अंगावर घेणारी इंजिन व चासी यांमधील अर्थिंगची विणलेली पट्टी वरून शाबूत दिसते, पण बोल्टाखालीं गंजलेली असते. पाऊस उघडला, गाडी तापली, कीं ती थोडी वाळते व गाडी निमूटपणें चालू होते. दोष येतो-जातो तो असा. आधीं बॅटरीची काळी तार सोडावी व ती शेवटीं जोडावी. पट्टीचीं दोन्ही टोंकें काढून लोखंड चकाकेपर्यंत घांसावें, घट्ट आवळावें, आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलिन लावावें. बॅटरीच्या खुंट्यांवरील पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें धुवावी. तें पाणी कप्प्यांत मात्र जाऊं देऊं नये.

दुसरें कारण रात्रींची गळती. भातलावणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर उभी राहते, व नेमकी त्यानंतर अडते. बाहेरून बसविलेला कर्णा, टेप, शोभेचे दिवे यांच्या तारा किल्लीच्या आधींच जोडलेल्या असल्या, तर त्या रात्रंदिवस पितात. काळ्या तारेंत मीटर अँपिअरवर लावून, दारें बंद करून, गाडीचें यंत्र झोंपेपर्यंत अर्धा तास थांबावें, मग ०.०५ अँपिअरच्या आंत आंकडा यावा. तेथें अर्धा अँपिअर दिसला, तर दिवसास १२ अँपिअर-तास जातात, आणि ८० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्याहून खालीं येते. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्या काढण्यानें आंकडा पडतो, ती वाट गळकी. मीटर असा जोडलेला असतां किल्ली फिरविल्यास मीटरचा फ्यूज उडतो.

सुगीनंतर उंदीर खळ्यावरून गोठ्यांत व गोठ्यांतून बॉनेटखालीं शिरतात, हें निराळें सांगणें नको. कुरतडलेली तार टेप गुंडाळून झांकण्यापेक्षां जोड भाजून घ्यावा. उडालेल्या फ्यूजच्या जागीं तांब्याची तार घालण्याची चाल मात्र अगदीं सोडावी. त्यानें गाडी चालू होत नाहीं, पेटते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेतांना लाल तार लालास जोडावी, आणि काळ्या तारेचें शेवटचें टोंक आपल्या बॅटरीस न लावतां इंजिनाच्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावें, कारण बॅटरींतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनें भडकतो. इंजिन चालू असतां बॅटरीची तार कधींहि काढूं नये. त्या झटक्यानें गणकयंत्र जळण्याचा संभव असतो. हौद्याला जाळी किंवा पाइप वेल्डिंगनें बसवून घेतांनाहि बॅटरीची काळी तार अगोदर सोडून ठेवावी. मेकॅनिकाकडे जातांना गाडी कोणत्या दिवशीं अडली, आवाज कसा झाला, पाऊस होता कीं नव्हता व मीटरचे आंकडे काय आले, हें एका वहींत लिहून न्यावें. तें वाचल्यावर तो बहुधा प्रथम बॅटरी विकावयास काढीत नाहीं.