टीव्हीच्या पडद्यावर छायाचित्रे दाखवताना



गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या हातून एक चूक झाली, तिच्यापासूनच सुरुवात करतो. शाळेच्या सेविका मावशी निवृत्त होत होत्या. त्यांच्या निरोपासाठी मुलांनी जुनी समूह-छायाचित्रे गोळा करून संगणकावर एक चित्रफीत तयार केली. संगणकावर ती उत्तम दिसली. पण सभागृहातील मोठ्या टीव्हीवर लावली तेव्हा मुले दिसली, शिक्षक दिसले, मावशी मात्र दिसल्या नाहीत. त्या दरवर्षी रांगेच्या अगदी टोकाला उभ्या राहत. पडद्यावर त्यांच्या पदराचा काठ तेवढा आला. पुढच्या रांगेतून त्यांच्या नातीने विचारले, "आजी कुठे आहे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दोष कोणाचा, हे शोधायला पुढे आठ दिवस गेले. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो आणि संगणकाच्या तासाला कधी बसलो नाही. म्हणून जे समजले ते सोप्या शब्दांत येथे देत आहोत.

कडा का कापल्या जातात? जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्र काचेच्या कडेवर नेमके बसवता येत नसे. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून चित्र थोडे मोठे करून त्याची कड चौकटीआड लपवीत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. आताच्या चपट्या टीव्हीला त्याची गरज नाही, तरी कित्येक संचांत ती सवय कायम आहे. आमचे समूह-छायाचित्र रुंद, पडद्याच्या दोन्ही कडांना भिडलेले. म्हणून टोकाचे माणूस गेले. उपाय दोन. टीव्हीच्या 'पिक्चर साइज' यादीत 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा अशाच अर्थाचा पर्याय निवडावा. शिवाय चित्रफीत करतानाच चारी बाजूंनी सुमारे 5 टक्के जागा मोकळी ठेवावी. 1920 × 1080 च्या चौकटीत ती आडवी 96 आणि उभी 54 ठिपके होते.

चेहरे फुगलेले का दिसतात? जुनी अनेक छायाचित्रे 4:3 प्रमाणाची असतात, आताचा टीव्ही 16:9 चा. चित्र ताणून बसवले की प्रत्येकजण एक तृतीयांशाने रुंद होतो. 'झूम' केले तर वरच्या रांगेची डोकी जातात. यापेक्षा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. काळी पट्टी हा दोष नव्हे.

चित्र धूसर का? पूर्वी व्हीसीडीवर चित्र 352 × 288 ठिपक्यांचे असे, डीव्हीडीवर 720 × 576 चे. मोठ्या पडद्यावर ते ताणले की धूसर होणारच. गेलेला तपशील कोणतेही बटण दाबून परत येत नाही. मूळ छापील प्रत पुन्हा स्कॅन करावी. 12 इंच रुंद प्रत 300 डीपीआयने स्कॅन केली तर 3600 ठिपके मिळतात. मग आधी संपूर्ण चित्र दाखवून नंतर एकेक रांग जवळून दाखवता येते.

आवाज येतो, चित्र येत नाही? एमपी4 हा केवळ डबा आहे. डबा बाहेरून सारखाच. आत पोहे की उपमा, ते उघडल्यावर कळते. आतील चित्र एच.264 आणि आवाज एएसी पद्धतीचा असेल तर बहुतेक टीव्ही तो स्वीकारतात. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. मात्र त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. फॉरमॅट करताना त्यातील सर्व काही पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. नुसती छायाचित्रे दाखवायची असतील तर साधी जेपीईजी द्यावीत. काही फोनमधील एचईआयसी प्रकार पुष्कळ टीव्हींना उघडता येत नाही. नावे 001, 002 अशी दिली की क्रम बिघडत नाही.

नेमका दोष कुठला, हे ओळखण्याची युक्ती आमच्या एका विद्यार्थिनीने सुचवली. पांढऱ्या चौकटीच्या चारी कडांना रेघ आणि मध्ये एक वर्तुळ काढायचे व ते चित्र आधी टीव्हीवर लावायचे. रेघ दिसली नाही तर कडा कापल्या जात आहेत; वर्तुळाचे अंडे झाले तर प्रमाण चुकले आहे. दूरदर्शनवर कार्यक्रमाआधी दिसणारे ते वर्तुळ पालकांना आठवत असेल! आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने सुधारले ते कळत नाही.

आपले इंदूर हे राजा दीनदयाळांच्या छायाचित्रणाचे आरंभस्थान. 1870 च्या दशकात येथे नोकरीत असताना त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि त्यांना होळकर दरबाराचा आश्रय मिळाला. त्या काळी काचेवर चित्र घेत आणि कागदावर तेवढ्याच आकारात उतरवीत. चौकटीत कोणाला घ्यायचे, हे छायाचित्रकार ठरवीत असे. ते काम आपण टीव्हीच्या यंत्रावर सोपवू नये.

पुढच्या शनिवारी प्रार्थनेनंतर आम्ही मावशींना पुन्हा बोलावले आणि दुरुस्त केलेली चित्रफीत लावली. या वेळी नातीने विचारले नाही. ती प्रत्येक चित्रात बोट दाखवीत होती.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती, की घरी शाळेची जुनी छायाचित्रे असतील तर शाळेत आणून द्यावीत. स्कॅन करून मूळ प्रत त्याच दिवशी परत करू. मागे नावे लिहिलेली असल्यास फार उत्तम. टोकाला उभ्या असलेल्यांचीसुद्धा.