सिद्धगडाच्या सावलीत

मुरबाड तालुक्यातल्या नारिवली-जांभुर्डे पट्ट्यात सूर्य पंचांग पाहून उगवत नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यापासून जरासा सुटून पुढे आलेला सव्वातीन हजार फुटी सिद्धगड, आणि गावं त्यांच्या पायाशी. सूर्योदय होऊन गेला तरी ऊन अंगणात उतरायला वेळ लागतो. तोवर उजेड असतो, पण कडक सावल्या नसतात. गवतावरचं दवही जागच्या जागी असतं. स्टुडिओतले फोटोग्राफर पांढरं कापड ताणून, छत्र्या लावून असाच मऊ उजेड तयार करतात. इथे डोंगर आडवा आल्यामुळे तो आपसूक मिळतो. संध्याकाळी उलटं. मावळतीचं ऊन थेट कड्यावर पडतं आणि काळा कातळ काही मिनिटं तांबूस होतो.

कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना या उजेडाशी सहसा घेणंदेणं नसतं. त्यांना गड गाठायचा असतो. 2 जानेवारी 1943 रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले; दरवर्षी त्या दिवशी लोक त्यांना वंदन करायला इथे येतात. पावसाळ्यात ट्रेकर येतात. धबधबा, ढगात हरवलेली माची, कड्याच्या टोकावरची पाठमोरी आकृती असे ठरलेले फोटो निघतात आणि मंडळी परततात. फोटो वाईट नसतात. पण तेच राजमाचीचे किंवा हरिश्चंद्रगडाचे म्हणून दाखवले तर फारसं कुणाच्या लक्षात येणार नाही. खास इथलं जे आहे, ते वाटेत बुटाखाली गेलेलं असतं.

भाताच्या खाचराचा बांधच घ्या. हातभर रुंद, जाता-येता तुडवला जाणारा. आवणी उरकली की त्यावर तेरडा उगवतो, निळी-जांभळी नभाळी येते, कवल्याची पिवळी फुलं डोकं काढतात. जवळच्या ओल्या कातळावर सीतेची आसवं फुलतात. नाव करुण, फूल नखाएवढं आणि वनस्पती चक्क मांसाहारी! तिच्या देठापानांजवळ बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत खेचले जातात. उभ्याने फोटो काढला तर हे फूल म्हणजे एक निळसर ठिपका. त्यासाठी चिखलात गुडघे टेकावे लागतात. फोन उलटा धरला की लेन्स जमिनीलगत येते, फुलामागे गवताऐवजी दूरचा डोंगर दिसू लागतो, आणि नखाएवढं फूल सिद्धगडाच्या खांद्याला लागतं. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. कपडे मळायची तयारी लागते.

याच खाचरांवर पावसाळा सरत येताना पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. हवेत तरंगत असल्यामुळे त्यांचा फोटो सहज निघत नाही. एखादा काडीला लोंबकळून विसावला तरच. त्यांतली एक जात मोसमी वाऱ्यांच्या पाठीवर बसून मालदीवमार्गे थेट पूर्व आफ्रिका गाठत असावी, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 साली मांडलं. बांधावरच्या काडीला लटकलेल्या किड्याचा पुढचा मुक्काम समुद्रापार असू शकतो, हे कळल्यावर तो फोटो पुन्हा एकदा उघडून पाहिला जातो.

जवळचं, हलकं समजलं गेलेलं मोठं करून दाखवण्याची ही खोड जुनी आहे. जर्मनीतले कार्ल ब्लॉसफेल्ट कलाशाळेत शिकवत. विद्यार्थ्यांना आकार समजावेत म्हणून ते रस्त्याकडेची, रेल्वेच्या भरावावरची रानटी रोपं गोळा करून स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो कित्येक पटींनी वाढवून काढत. 1928 साली त्यांचं पुस्तक आलं, तेव्हा नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबात लोकांना कोरीव काम दिसलं. नेचे सिद्धगडाच्या ओढ्याकाठीही पावसाळ्यात उगवतात. त्यांचे कोंबही असेच गुंडाळलेले असतात.

घराजवळच्या निसर्गाचा मोठा फायदा म्हणजे तिथे परत जाता येतं. शहरातून आलेल्या पाहुण्याला एक रविवार मिळतो, गावातल्या मुलाला वर्ष मिळतं. कारवीचं पाहा. तिच्या काठ्यांचे कुड लिंपून इथल्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. ही कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, बी धरते आणि वाळून जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2016 साली तिचा मोठा बहर आला होता. दहावीत असताना फुललेली कारवी पुन्हा फुलेल तेव्हा तो मुलगा नोकरीला लागलेला असेल. फोनमधल्या फोटोवर तारीख आपोआप पडते, ठिकाणाची सोय सुरू ठेवली तर जागाही नोंदली जाते. कुठल्या उतारावर कोणत्या वर्षी कारवी फुलली, याची त्यामुळे पक्की नोंद होते.

अशा नोंदींना किती किंमत असते, हे शेजारच्या शहापूरने पाहिलं आहे. रानपिंगळा हे लहानसं घुबड 1884 नंतर नामशेष झाल्यात जमा होतं. ते 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. पुढे 2014 मध्ये सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी शहापूरकडच्या तानसा अभयारण्यातून त्याची नोंद प्रसिद्ध केली. घराच्या आसपास दिसणारा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा पटकन पाहिले तर सारखेच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. अशा वेळी एक स्वच्छ फोटो दहा तोंडी साक्षींपेक्षा उपयोगी पडतो. ‘पिंगळाच तर आहे’ म्हणून कॅमेरा खाली ठेवणाऱ्याच्या हातून काय निसटलं, ते त्याला कधी कळतही नाही.

फोटोच्या हव्यासाचे तोटेही आहेत. मेअखेर, वळवाच्या सरींनंतर भीमाशंकरच्या रानात आणि त्याच्या उतारांवर काजवे चमकू लागतात. समाजमाध्यमांवर दिसणारी प्रकाशाने लगडलेली झाडं बहुधा अनेक फोटो एकावर एक रचून तयार केलेली असतात. प्रत्यक्षात डोळ्यांना ती तशी दिसत नाहीत. तसा फोटो मिळवायला लोक बॅटऱ्या, गाड्यांचे दिवे घेऊन रानात घुसतात. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. झगझगीत दिव्यात ती साद पोचत नाही. पक्ष्यांच्या घरट्यांचंही तसंच. नीट दिसावं म्हणून आडवी फांदी मोडली की कावळ्यालाही ते नीट दिसतं. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत, हे बरंच झालं.

आणि यातल्या कशासाठीच रानात शिरायला हवं असं नाही. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राणी पाकोळी किंवा नीलवंत नावाचं हे तळहाताएवढं, काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं फुलपाखरू लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. त्याचा लहान सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, म्हणून पक्षी त्याला टाळतात आणि माणसंही. तेव्हा पावसाळ्यात परसातल्या लिंबाच्या पानावर असा पांढुरका डाग दिसला, तर फवारणीचा पंप उचलण्याआधी फोन काढा. डाग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर गेलेला असेल, तर पंप ठेवून द्या आणि रोज एक फोटो काढा.